पोरीच्या हातचं काम

“शालन, हात धू आता. पाहुणे येतील एवढ्यात.”

अण्णांनी गॅरेजच्या दारातून पुन्हा हाक मारली, तेव्हा माझ्या एका हातात मोठी हातोडी होती आणि दुसऱ्या हातात त्याहून मोठी. इस्माईलचाचांची पांढरी अॅम्बॅसिडर लाकडी ठोकळ्यांवर चढवली होती, पुढची दोन्ही चाकं काढून भिंतीला टेकवली होती. उजव्या बाजूचं काम झालं होतं. डाव्या बाजूचा स्टेअरिंगचा झिजलेला जोड मात्र गंजून असा घट्ट बसला होता की निघायचं नाव घेत नव्हता.

“एवढा निघू दे अण्णा. मग जाते.”

“साडी नेसायची, केसं विंचरायची. आई वाट बघत बसलीया.”

मी एक हातोडी जोडाच्या कडीला मागून टेकवून धरली आणि दुसरीनं पुढून ठोका घातला. गंजलेला जोड असाच सुटतो. त्याला ओढून काढायचं नसतं, दोन्हीकडून असा दणका द्यायचा की तो आपणहून सैल पडतो. दुसऱ्या ठोक्याला तो खटकन सुटून खाली लोंबकळला.

“सुटला!” बाकड्यावर चहा पीत बसलेले चाचा ओरडले. “बघितलंस का दत्तोबा? गडी असून तुला सुटला नसता, त्यो हिनं सोडवला.”

अण्णा हसले नाहीत.

गडहिंग्लजला आमचं गॅरेज होतं, संकेश्वर रस्त्याला. आम्ही जातीचे लोहार. आजोबांनी भात्यावर नांगराचे फाळ शेकले, अण्णांनी त्याच जागेवर जीप आणि ट्रक दुरुस्त केले. घरात आम्ही दोघं भावंडं. मी थोरली आणि शशिकांत धाकटा. शाळा सुटली की मी अण्णांना पाने काढून द्यायची. नववीनंतर शाळा संपलीच, मग दिवसभर तिथंच. कुणी मला ‘शिक’ म्हणालं नाही आणि कुणी ‘नको’ही म्हणालं नाही. अण्णांना माणूस लागत होतं आणि मी तिथं होते. एकदा काम हाताला लागलं, मग सुटेना. इंजिनाचा आवाज ऐकून काय बिघडलंय ते मला कळायचं, आणि ते कळलं की अंगावर काटा यायचा. दुसऱ्या कशानं तसं होत नसे.

आणि इस्माईलचाचा बाजारभर सांगत फिरायचे, “माझ्या गाडीला शालन सोडून दुसरं कोण हात लावत न्हाई.”

चाचा टॅक्सीवाले. लग्नाची वऱ्हाडं, आजारी माणसं, गोव्याला जाणारे हौशी लोक, सगळी त्यांच्याच गाडीतून. मला गाडी चालवायला त्यांनीच शिकवली, हरळीच्या माळावर. त्यांना मुलगी नव्हती. ईदेला शिरखुर्म्याचा पहिला डबा माझ्या नावानं यायचा.

महिनाभर त्यांची तक्रार चालली होती की गाडी दारू प्यायल्यागत चालतीया, स्टेअरिंग सरळ धरलं तरी ती आपली डावी-उजवीकडं झोकांड्या खाते. मी खाली वाकून बघितलं. स्टेअरिंगपासून चाकाकडं जाणाऱ्या दांड्याच्या टोकांना जे जोड असतात, ते दोन्ही पार खुळखुळे झाले होते. वाटीत गोळी बसवावी तसा तो जोड असतो. वाटी झिजली की गोळी आतल्या आत खेळायला लागते, आणि एखाद्या दिवशी निसटते. घाटात निसटली तर स्टेअरिंग कितीही फिरवा, चाक आपल्या मर्जीनं जातं. मी चाचांना म्हटलं होतं, आंबोलीत उतरायच्या आधी हे बदलायचंच. त्यांनी कोल्हापूरहून नवे जोड आणले होते.

नवा जोड मी दांड्यावर फिरवून घेतला, तो कडीत बसवला आणि त्याचा नट हातानं दोन आटे लावला. तेवढ्यात चाचा दुपारच्या नमाजाला उठले. “संध्याकाळी गाडी न्यायला येतो. उद्या सकाळी सावंतवाडीहून वऱ्हाड आणायचं हाय,” म्हणाले, आणि जाता जाता माझ्या डोक्यावर हात ठेवून, “चांगला जावई बघ गं. गाडी असलेला.”

मी शशिकांतला बोलावलं. तो मागं आरशात बघून केस विंचरत होता. त्याची पोलीसभरतीत निवड झाली होती. धावला होता, उंच उडी मारली होती, परीक्षाही पास झाला होता, आता फक्त वर्तणुकीची चौकशी व्हायची होती आणि मग ट्रेनिंग. तोपर्यंत अण्णांनी त्याला गॅरेजात बसवलं होतं. मशिनरीत त्याचं मन कधीच नव्हतं.

“हे बघ शशा. डावीकडचा नट पक्का आवळ, दम लावून. मग नटाची खाच त्या भोकासमोर येईल अशी बेतानं आण. भोकातनं पिन घाल आणि पिनंची दोन्ही तोंडं वाकीव. पिन हितं, या झाकणात ठेवलीया.”

“व्हय गं. मला काय शिकवतीस.”

“पिन विसरू नको. नट हादऱ्यानं सुटतो, पिन असली तर सुटत न्हाई.”

“जा तू. तुझा नवरा आला असंल.”

मी गेले.

पाहुणे इचलकरंजीचे होते. मुलगा सूतगिरणीत कामाला, चांगला उंचपुरा, नाव रामचंद्र. तो सगळा वेळ आपल्या गुडघ्यांकडं बघत होता. बोलत होती त्याची आई. पोह्यांच्या बश्या ठेवून मी पाटावर बसले. बाईंनी नाव विचारलं, शिक्षण विचारलं आणि मग माझा हात हातात घेऊन उलटा केला. मी साबण आणि रॉकेल लावून कोपरापर्यंत घासून आले होते. पण नखांच्या कडेची काळी रेघ कुणाची गेलीय? त्यांनी अंगठ्यानं ती रेघ घासून बघितली.

“आम्ही ऐकलं ते खरं म्हणायचं.”

“हौस म्हणून येती आपली,” अण्णा घाईनं म्हणाले. “तसं काय न्हाई.”

“आमच्यात हे चालायचं न्हाई. लोकं काय म्हणतील? लोहाराची सून गाडीखाली पडून असती म्हणतील.”

“सोडवतो. आजपासनं सोडलं म्हणा.”

मला गप्प बसता आलं असतं. सगळ्या मुली बसतात. पण अण्णा ‘हौस म्हणून येती’ म्हणाले ना, ते आत कुठंतरी लागलं. अॅम्बॅसिडरचा गिअरबॉक्स एकटीनं उतरवताना मला कुणी हौस म्हणालं नव्हतं.

“मी न्हाई सोडणार,” मी म्हटलं.

आईच्या हातातला तांब्या खाली ठेवल्याचा आवाज आला. रामचंद्रनं पहिल्यांदा मान वर करून माझ्याकडं बघितलं. त्याची आई माझा हात सोडून उठली. “कळवतो,” म्हणाली. कळवतो म्हणजे काय, ते सगळ्यांना ठाऊक असतं.

अण्णा पाहुण्यांना एस.टी. स्टँडवर पोचवून आले आणि सरळ जेवायला बसले. मला ओरडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी फक्त आईला सांगितलं, “उद्यापासनं ही घरातनं भाईर पडायची न्हाई.”

सांज व्हायच्या सुमाराला आमच्या दारावरून हॉर्न वाजला, दोनदा लहान आणि एकदा लांब. चाचांचा हॉर्न. गाडी झाली म्हणायची. मी स्वयंपाकघरात भाकऱ्या थापत होते. मनात म्हटलं, चला, एक काम तरी नीट झालं आज.

दुसऱ्या दिवशी दुपारी आजऱ्याहून आलेल्या एका ट्रकवाल्यानं बातमी आणली. आंबोलीचा घाट उतरताना इस्माईलची गाडी डोंगरावर आदळली होती. दरीच्या बाजूला गेली असती तर काही उरलंच नसतं. गाडी रिकामी होती, वऱ्हाड अजून घ्यायचं होतं. चाचा जिवंत होते, पण इंजिन आत घुसलं होतं आणि पाय त्यात अडकला होता. त्यांना सावंतवाडीच्या दवाखान्यात नेलं होतं.

“स्टेअरिंग फिरवत हुता म्हणं, आन् गाडी ऐकंना झाली,” ट्रकवाला म्हणाला.

मी घराबाहेर पडू नये असं सांगितलं होतं, ते मी विसरले. अनवाणी गॅरेजपर्यंत पळत गेले. अण्णा आणि शशा आधीच तिथं होते. मी कुणाकडं न बघता त्या कोपऱ्यात गेले जिथं गाडी उभी होती. लाकडी ठोकळे तसेच पडले होते. त्यांच्याशेजारी ऑइलच्या डब्याचं पत्र्याचं झाकण होतं, आणि झाकणात पिन होती. चकचकीत. तिची तोंडं सरळ होती, कुणी ती वाकवली नव्हती.

मी ती उचलून शशापुढं धरली.

“मला वाटलं तू घातलीस,” तो म्हणाला.

“मी तुला सांगून गेले.”

“उजवीकडं घातलेली दिसली. मला वाटलं दोन्हीकडं झालं. आन् मध्येच पम्या आला, म्हणाला, क्रिकेटची टीम निघाली, चल…”

“नट तरी आवळलास का?”

त्यानं अण्णांकडं बघितलं. त्याचा चेहरा एकदम लहानपणचा झाला, दिवाळीत शेजाऱ्यांच्या गवताच्या गंजीला आग लावून आला होता तेव्हाचा. अण्णा पुढं आले. मला वाटलं, आता त्याच्या कानाखाली वाजवतील. त्यांनी माझ्या बोटांतून पिन काढून घेतली आणि जळक्या ऑइलच्या पिंपात टाकली. आवाजसुद्धा झाला नाही.

“चल,” मला म्हणाले. “सावंतवाडीला जायचं हाय.”

“मी?”

“चाचा तुझं नाव काढत असंल.”

मला ते खरं वाटलं. चाचांना बघायला मीच आधी जायला हवं, असं मलाही वाटत होतं. आईनं घाईनं चटणी-भाकरी बांधून दिली. एस.टी.त अण्णा खिडकीजवळ बसले आणि सबंध रस्ता बाहेर बघत राहिले. घाटात एका वळणावर गाडीचा वेग कमी झाला, लोक उठून बघायला लागले. चाचांची अॅम्बॅसिडर डोंगराच्या पोटात तोंड खुपसून उभी होती. डावं पुढचं चाक पार आडवं वळलं होतं, उजवं सरळ होतं. दोन चाकं दोन दिशांना. माझ्याशिवाय बसमधल्या कुणालाही त्याचा अर्थ कळला नसता. अण्णांना कळला असता, पण त्यांनी डोळे मिटून घेतले होते.

दवाखान्यात व्हरांड्यात चाचांची बायको, जैनबचाची, भिंतीला टेकून बसली होती. मला बघून तिनं हंबरडा फोडला. मी तिच्याजवळ बसले. अण्णा म्हणाले, “तू हितंच थांब. आत गर्दी नको.” ते एकटेच आत गेले. बराच वेळ बाहेर आले नाहीत. आतून काही ऐकू येत नव्हतं. मग एक हवालदार आला, पोट सुटलेला, घाम पुसत. तो आत गेला आणि मागोमाग अण्णांनी मला हाक मारली.

चाचांचा पाय फळ्या बांधून वर टांगला होता. चेहरा राखेसारखा झालेला. मला वाटलं होतं माझ्याकडं बघून हसतील, निदान हात पुढं करतील. त्यांनी माझ्या पायांकडं बघितलं. मी अनवाणी होते.

“हं, सांगा,” हवालदारानं पेन उघडलं. “काय झालं?”

“स्टेअरिंग सुटलं साहेब.” आवाज अगदी खोल गेला होता. “कालच काम करून घेतलं होतं.”

“कुणी केलं काम? मेस्तरी कोण?”

चाचांनी चादर छातीवर ओढून घेतली. मग म्हणाले, “दत्तोबाच्या गॅरेजात.”

“म्हणजे हे मेस्तरी?”

“न्हाई. ह्यो न्हवता. ह्याच्या पोरीनं केलं.”

हवालदारानं मान वर केली. “पोरीनं?” मग माझ्याकडं बघितलं, नखशिखांत. “ही?” आणि तो हसला. त्याचं हसणं दुष्ट नव्हतं, खरंच गंमत वाटल्यासारखा तो हसला. “अहो चाचा, पोरीच्या हातात गाडी दिली तर दुसरं काय होणार? सासूनं हिच्या हातात लाटणं द्यायचं, तर तुम्ही पाना दिला.”

“मी नव्हते,” मी म्हटलं.

हवालदार हसायचा थांबला.

“मी सुरुवात केली होती. डावी बाजू मी पुरी केली नाही. मी घरी गेले होते. पाहुणे आले होते मला बघायला. विचारा अण्णांना.”

“मग कुणी पुरी केली?”

अण्णा माझ्याकडं बघत नव्हते. खाटेच्या दांडीवर त्यांनी हात ठेवला होता आणि त्या हातावरच्या शिरा मला दिसत होत्या. मला कळत होतं मी काय बोलतेय. पोलीसभरती, चौकशी, सगळं मला कळत होतं. पण चाचांच्या त्या टांगलेल्या पायापुढं खोटं कसं बोलायचं, हे मला कळत नव्हतं.

“शशिकांतनं. माझ्या भावानं.”

“काय हो मेस्तरी?”

“पोर घाबरलीया साहेब,” अण्णा म्हणाले. “काय बोलतीया तिचं तिला कळंना.”

हवालदारानं पेन गालाला लावलं आणि चाचांकडं वळला. “तुम्ही सांगा. पोरगा होता का पोरगी?”

मी चाचांकडं बघत राहिले. ते नमाजाला गेले होते, मी घरी गेले ते त्यांनी बघितलं नव्हतं, त्यांना कसं ठाऊक असणार? पण ते मला ओळखत होते. लहानपणापासून माझं काम बघत आले होते. पिन न घालता मी कुणाची सायकलसुद्धा सोडली नसती, हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक होतं? ते एवढंच म्हणाले असते, ‘ही पोर असं करायची न्हाई,’ तरी मला पुरलं असतं.

चाचांनी डोळे मिटले.

“पोरगीच,” म्हणाले. “माझ्या गाडीला दुसरं कोण हात लावत न्हाई.”

हवालदारानं मग फारसं काही लिहिलं नाही. पोरीवर काय केस करायची, तिचं लग्न व्हायचंय, चाचांचीही काही तक्रार नाही. अपघात म्हणून त्यानं प्रकरण मिटवलं आणि जाताना मला म्हणाला, “घरात बस बाई आता.”

परत येताना घाट चढून बस वर आली, मग अण्णा बोलले. “शशाची चौकशी हाय. पोरगं वर्षभर पळालंय त्यासाठी. एक नाव पोलिसात गेलं की संपलं सगळं.”

“आणि माझं नाव?”

“तुझ्या नावाला काय होतंय? तुला कुठं गॅरेज चालवायचं हाय?”

त्यांना ते मनापासून वाटत होतं. आवाजात कपट नव्हतं, चढही नव्हता. उलट समजूत घातल्यासारखा आवाज होता.

बातमी आमच्याआधी गावात पोचली होती. मी तरीही दुसऱ्या दिवशी गॅरेजात गेले. अण्णांनी अडवलं नाही, याचं मला नवल वाटलं. दुपारी कौलग्याच्या पाटलांची जीप आली, माझ्याच हातची, दर महिन्याला यायची. मी पुढं झाले तसे पाटील खाली उतरले आणि बॉनेटवर हात ठेवून उभे राहिले. “राहू दे शालन. दत्तोबा बघू दे.” दुसऱ्या दिवशी आणखी एकजण तेच म्हणाला. एका ट्रॅक्टरवाल्यानं तर मी गॅरेजात आहे हे बघून ट्रॅक्टर उभासुद्धा केला नाही. अण्णांना मला अडवायची गरजच नव्हती. चार दिवसांत माझी मीच घरी बसले.

मग इचलकरंजीहून निरोप आला. पोरगी पसंत आहे.

“त्यांना कळलं असेल ना सगळं?” मी आईला विचारलं.

“कळलंय की. अण्णांनीच कळवलं. आता ती गॅरेजात पाऊल टाकायची न्हाई म्हणून सांगून पाठवलं.”

लग्नाला चाचा आले नाहीत. ते तेव्हा कोल्हापुरात दवाखान्यात होते. पाय सडला, गुडघ्याच्या खालून काढावा लागला. पुढं त्यांच्या मुलांनी ती गाडी भंगारात घातली.

माझा नवरा वाईट माणूस नव्हता. हात उगारला नाही, दारू प्यायला नाही. एकदा रस्त्यात त्याच्या स्कूटरची क्लचची वायर तुटली, तर भर उन्हात स्कूटर ढकलत तो मेस्तरी शोधायला निघाला. मी मागून चालत होते, कडेवर पोर घेऊन. गिअर टाकून, ढकलून स्कूटर चालू करता येते, क्लचची गरज नाही, हे मी त्याला सांगितलं नाही. त्यानं विचारलं नाही. त्याच्या आईनं मला लग्नाच्या दुसऱ्याच दिवशी सांगितलं होतं की त्या विषयावर या घरात बोलायचं नाही.

शशा पोलिसात लागला. ट्रेनिंग करून नाशिक, मग सोलापूर. गॅरेजात अण्णा एकटेच राहिले. गुडघे गेले, नजर गेली, हाताखाली ठेवलेली माणसं टिकली नाहीत. शेवटी शटर लागलं. जागा विकून आलेले पैसे शशाच्या फ्लॅटला गेले. आता तिथं मोबाईलचं दुकान आहे. अण्णा म्हातारपणी मधूनच म्हणायचे, “चालवणारं कोण न्हाई ऱ्हायलं.” मी माहेरी गेले असेन आणि ते तसं म्हणाले, की मी उठून घरामागच्या परड्यात जायची.

अण्णा गेले, त्यांच्या बाराव्याला चाचा आले. किती वर्षांनी मी त्यांना बघत होते! रिक्षातून उतरले, काखेत कुबड्या, दाढी सगळी पांढरी. जैनबचाची आधीच गेली होती. मंडपात त्यांनी अण्णांच्या फोटोपुढं हात जोडले, आणि मग मला शोधत मागच्या अंगणात आले. मी मोठ्या पातेल्यातली आमटी बादलीत ओतत होते.

“शालन.”

“या चाचा. बसा.” मी खुर्ची दिली. ते बसले नाहीत.

“आज सांगतो. दत्तोबा होता तवर सांगता येत नव्हतं. शपथ घातली होती त्यानं.”

मी बादली खाली ठेवली.

“त्या दिवशी नमाज पढून मी परत गॅरेजात आलतो. तू घरी गेलतीस. शशा गाडीशी बसला होता. बाहेरनं कुणी हाक मारली, तसा उठून चाक बसवाय लागला. मी म्हटलं, पिन घातलीस का रे? म्हणाला, घातली. मी वाकून बघितलं न्हाई.” त्यांनी दाढीवरून हात फिरवला. “तू असतीस तर बघायची गरज नव्हती. त्यो होता, तर बघाय पाहिजे होतं.”

“म्हणजे तुम्हांला ठाऊक होतं.”

“व्हय.”

अंगणात भांड्यांचा गलका चालला होता. मला तो सगळा लांबून आल्यासारखा वाटत होता.

“दवाखान्यात दत्तोबा आत आला आणि माझा पाय धरला त्यानं. चांगला पाय. म्हणाला, पोराचं वाटोळं होतंय, वाचीव. मी म्हटलं, आणि पोरीचं काय? तर म्हणाला, पोरीचं भलंच हुतंय ह्यानं. पाहुण्यांनी गॅरेजापायीच नकार दिलाय. आता गावच तिला गाडीला हात लावू देणार न्हाई, म्हणजे तिची तीच सुटंल आणि लग्न जमंल.” चाचांनी कुबडी काखेत नीट घेतली. “मला पटलं गं ते. त्या टायमाला पटलं. वाटलं, तुझं भलंच व्हायचं हाय.”

इतकी वर्षं मी अण्णांना एक माफी देऊन ठेवली होती. माणूस पोराच्या मायेनं आंधळा झाला, घाबरला, समोर दिसेल ते बोलून बसला, असं मी मनाला समजावलं होतं. ते घाबरले नव्हते. खाटेपाशी उभं राहून त्यांनी दोन्ही पोरांचं एकाच घावात उरकून टाकलं होतं.

“एवढंच सांगायचं होतं. ओझं होतं छातीवर,” चाचा म्हणाले. “आज मोकळं झालं.”

“तुमचं झालं,” मी म्हटलं.

त्यांनी माझ्या डोक्यावर ठेवायला हात उचलला. मी बादली उचलायला खाली वाकले. तो हात थोडा वेळ तसाच राहिला, मग त्यांनी तो कुबडीवर ठेवला.

तेवढ्यात शशिकांत आला. आता तो सहायक फौजदार होता, पोट सुटलं होतं, गळ्यात सोन्याची साखळी होती. “चाचा! असं मागनं काय आला? चला, पहिल्या पंगतीला बसा.” त्यानं चाचांच्या पाठीमागून हात घातला, एक कुबडी आपल्या हातात घेतली. “हळू. पायरी हाय हितं.” चाचांनी आपला सगळा भार त्याच्यावर टाकला.

मंडपातल्या बायका बघत होत्या. आमची एक लांबची चुलती माझ्याजवळ सरकून म्हणाली, “शशा लई मायाळू हाय बाई. त्याच्या बहिणीच्या हातनं बिचाऱ्याचा पाय गेला, पण ह्यो पोरगा इतक्या वर्षांनी सुदीक त्याला इसरला न्हाई.”

मग तिच्या लक्षात आलं, ती कुणाशी बोलत होती. ती पत्रावळी मोजायला लागली.

मी पदर खोचला आणि पंगतीत आमटी वाढायला गेले. पहिलं पान चाचांचं होतं, दुसरं शशाचं. दोघांनीही द्रोण पुढं केले. मी दोघांनाही वाढलं.